ट्रंकेतली जपानी पदकं आणि चोरबाजारातला इराणी सिंह: खरं-खोटं कसं ओळखायचं?

तांबडा_रस्सा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आमचे थोरले आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत, म्हणजे जंगी पलटणीत होते. महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये पलटण जपानला गेली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची लोखंडी ट्रंक वाटणीत माझ्याकडे आली. त्यात एक काळी लाखेची पेटी निघाली. झाकणावर सोनेरी जपानी अक्षरं, आत फिकट निळ्या फितीचं चांदीचं पदक. पदकाच्या मध्यभागी सोन्याचा मुलामा दिसतो. दुसरं पदक सुटंच होतं. गोल, त्यावर मोरासारखा पक्षी आणि बांबूची पानं. एका दुकानदाराने मागची अक्षरं बघून ते "१८८८ सालचं, फार दुर्मिळ" असं सांगितलं आणि विकत मागितलं.

तिसरी वस्तू माझी. मुंबईच्या चोरबाजारात घेतलेला चांदीचा तारा. मध्ये मीनाकामात सिंह आणि त्याच्या पाठीवरून उगवणारा सूर्य. विकणारा म्हणाला इराणच्या शाहचा आहे. फोटो खाली जोडलेत. खरं काय, खोटं काय, आणि घरात सांगतात तसं जपान सरकारने आजोबांना पदक दिलं असेल का?

शंकासुर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. मे १९४६ पासून जपानने हयात व्यक्तींना असे मान देणं थांबवलं, ते थेट १९६४ मध्ये सुरू झालं. ताब्यात घेतलेल्या देशाच्या सरकारने त्याच वेळी ताबा घेणाऱ्या फौजेतल्या जवानाला पदक दिलं, हे पटायला कठीण आहे. आजोबांनी ते विकत घेतलं असणार, नाहीतर सिगारेटच्या पाकिटांवर अदलाबदल केली असणार.

सुभेदार_निवृत्त

शंकासुरांशी सहमत, पण पलटणीची गोष्ट खरी आहे. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या ताबा-फौजेत एक ब्रिटिश-भारतीय डिव्हिजन होती, 'ब्रिनडिव्ह' म्हणत. तिच्या २६८ व्या ब्रिगेडमध्ये ५/१ पंजाब, १/५ मराठा (तीच तुमची जंगी पलटण) आणि २/५ रॉयल गुरखा होत्या. ओकायामा, शिमाने हा त्यांचा मुलूख. १९४७ मध्ये सगळे परत आले. तेव्हा जपानात अन्नाची एवढी टंचाई होती की लोक किमोनो, तलवारी, पदकं, जे हाताला लागेल ते विकून तांदूळ आणत. त्यामुळे तुमच्या ट्रंकेत ते निघणं अगदी स्वाभाविक आहे. आजोबांचं सर्व्हिस बुक असेल तर पेटीसोबतच ठेवा. दोन्ही एकत्र असली तर त्याला अर्थ आहे.

कांजीवडा

फोटो मोठा करून वाचलं. (पुण्यात जपानी शिकवते, आणि कांजी म्हणजे जपानीतली चित्राक्षरं, म्हणून आयडी असा. हसू नका.) झाकणावर 'कुन-हत्तो झुइहोशो' लिहिलंय. म्हणजे 'पवित्र खजिना' या ऑर्डरचा, म्हणजे सरकारी मानचिन्हाचा, आठवा वर्ग. मध्यभागी आहे तो आरसा, भोवती मण्यांची माळ. दोन्ही जपानी राजघराण्याच्या पवित्र वस्तूंमधले. ही ऑर्डर १८८८ च्या जानेवारीत सुरू झाली आणि तिचे आठ वर्ग होते.

सुट्या पदकाबद्दल: मागे 'निहोन सेकिजुजी-शा' आहे, म्हणजे जपानी रेडक्रॉस सोसायटी. खाली 'मेइजी २१'. जपानी साल सम्राटाच्या कारकिर्दीच्या नावाने मोजतात; मेइजी, तैशो, शोवा ही त्या कारकिर्दींची नावं. मेइजी १ म्हणजे १८६८, त्यामुळे मेइजीच्या आकड्यात १८६७ मिळवायचे. आले १८८८. पण हे ते पदक *सुरू* झाल्याचं वर्ष आहे, तुमचं पदक बनल्याचं नाही. पुढची कित्येक दशकं हाच मजकूर छापला जात होता. सभासद वर्गणी भरून होता यायचं आणि सभासद लाखांच्या घरात होते. दुर्मिळ वगैरे काही नाही.

तैशोसाठी १९११ आणि शोवासाठी १९२५ मिळवा. एवढं पाठ असलं की निम्म्या दुकानदारांची बोलती बंद होते.

तांबडा_रस्सा

बापरे. म्हणजे दुकानदाराला अक्षरं वाचता येत होती आणि तरी...

शंकासुर

वाचता येत होती म्हणूनच.

बिल्लेवाला

छान धागा. वीस-बावीस वर्षं हे वेड आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी पेटी. कांजीवडा ताईंनी आठवा वर्ग वाचला आणि तांबडा_रस्सा म्हणतात मध्ये मुलामा आहे. इथेच गाडी अडते. या ऑर्डरचे सातवा आणि आठवा हे दोन वर्ग बिनमीन्याचे, चांदीचे. सातव्याला जागोजागी सोन्याचा मुलामा, आठवा निखळ चांदी. म्हणजे पेटी आठव्याची आणि आत पदक सातव्याचं. दोन्ही अस्सल असू शकतात, फक्त एकमेकांचे नाहीत. हे फार वेळा दिसतं. रिकामी पेटी आणि सुटं पदक वेगवेगळे विकले तर पैसे कमी येतात, म्हणून विकणारे जोड्या लावतात. तुमच्या बाबतीत ओकायामाच्या बाजारातच कुणीतरी ते केलं असेल. झाकण वाचता येत नसेल तर हे कधीच कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. जपानी पदकं आणि इराणी पदकं एकाच पद्धतीने तपासायला गेलात तर दोन्हीकडे फसाल. जपानी पदक म्हणजे सरकारी, मोजूनमापून बनवलेली वस्तू. त्याला नमुना आहे. आपलं पदक नमुन्याशी ताडून बघायचं, फरक दिसला की संशय घ्यायचा. काजारांच्या, म्हणजे १९२५ पर्यंत राज्य करणाऱ्या इराणी राजघराण्याच्या, काळातल्या चिन्हांना असा नमुनाच नाही. पॅरिसच्या सोनाराने एक बनवलं, व्हिएन्नाच्या सोनाराने दुसरं, तेहरानच्या कारागिराने तिसरं, आणि तिन्ही तितकीच खरी. तिथे 'नमुन्यासारखं आहे का' हा प्रश्नच चुकीचा. 'हे कुणी, कुठे बनवलं' हे विचारायचं.

जपानी बाजू आधी संपवतो. उगवत्या सूर्याची ऑर्डर १८७५ ची, जपानची पहिली. पांढऱ्या मीन्याचे किरण, मध्ये लाल काच. अस्सल नगात ती काच फुगीर असते, आत वर्ख असतो, आणि दिवा तिरपा धरला की प्रकाश खोलवरून परत येतो. नकली नगात लाल रंग किंवा प्लास्टिकचं टिकलं. वरच्या पाउलोनियाच्या (हे एक जपानी झाड) पानांमागे चार अक्षरं असतात, 'कुनको सेइशो'. ती कोरीव, धारदार हवीत. भिंगातून बघताना अक्षरांचे कोपरे गोलावलेले दिसले तर वस्तू ओतीव आहे, ठशाने पाडलेली नाही. चौथ्या वर्गाच्या फितीवर गोल फुलासारखी गाठ असते, पाचव्याच्या नसते. ती गाठ नंतर शिवून पाचव्याचा चौथा करणारे महाभाग आहेत. शिवणीचा दोरा बघा. सातवा वर्ग म्हणजे हिरव्या मीन्याची पाउलोनिया पानं, आठवा तीच पानं बिनमीन्याची.

सुरुवातीची चिन्हं खाजगी कारागिरांकडून घडवून घेत. १९३० च्या सुमारापासून काम ओसाकाच्या टांकसाळीकडे गेलं आणि नगांवर बारीक इंग्रजी 'एम' दिसू लागला. म्हणून 'एम' नसणं हा दोष नाही. मेइजी काळातलं म्हणून विकलेल्या नगावर 'एम' सापडला तर मात्र विकणाऱ्याला शांतपणे विचारा.

युद्धपदकांचं वेगळं. चीन-जपान युद्धाचं (१८९४-९५) पदक हस्तगत केलेल्या चिनी तोफांच्या ब्राँझपासून बनवलं होतं. रशिया-जपान युद्धाचं (१९०४-०५) त्याहून कितीतरी जास्त संख्येने निघालं. दोन्हीवर एकमेकांवर तिरपे ध्वज आणि वर शेवंतीचं राजचिन्ह. ही स्वस्त मिळतात, नकली करण्यात कुणाला रस नाही. नवख्याने इथून सुरुवात करावी. अस्सल वस्तूची कड, वजन, फितीचा पोत हाताला ओळखीचा झाला की खोटी वस्तू आपोआप बोचते.

खोट्यांचा सुळसुळाट दोन ठिकाणी. एक, 'सोनेरी घार' ऑर्डर. १८९० मध्ये सुरू, फक्त लष्करी, सात वर्ग, १९४७ मध्ये रद्द. जिम्मु सम्राटाच्या धनुष्यावर घार येऊन बसली त्या आख्यायिकेवरून. युद्धवेड्या संग्राहकांना हीच हवी असते. दोन, १९४४ मध्ये जाहीर झालेलं 'बृहत्तर पूर्व आशिया युद्धाचं' पदक. पाडली त्यातली बहुतेक युद्ध हरल्यावर नष्ट केली. कुणी तुम्हाला ते पाच हजारात दिलं तर पाच हजार गेले असं समजा.

इराणवर नंतर लिहितो, हात दुखले.

गवळण_न्यूजर्सी

दंडवत. वाचनखूण साठवली.

इकडच्या लिलावांत बघते तेव्हा जपानी पदकासोबत मूळ सनद असेल तर भाव वेगळ्याच पातळीवर जातो. पदकावर नाव नसतं, सनदेवर असतं. पण एक खटकतं. सनद एका माणसाची आणि पदक भलत्याचं, हे कसं पकडायचं?

बिल्लेवाला

पकडता येत नाही, बहुतेक वेळा. वर्ग आणि काळ जुळतो का एवढंच बघता येतं. शोवा १५ ची सनद आणि टांकसाळीआधीच्या कारागिरीचं पदक असेल तर जोडी नंतरची. एवढंही बरेच जण बघत नाहीत.

इराणी_बनमस्का

ग्रँट रोडच्या इराण्याच्या हॉटेलात लहानपण गेलं, फारसी आजोबांनी शिकवली. सिंहाबद्दल मी लिहितो, बिल्लेवाला दादांनी हात शेकून घ्यावेत.

'शीर-ओ-खुर्शीद', सिंह आणि सूर्य. ऑर्डर म्हणून १८०८ मध्ये फतह अली शाहने सुरू केली, मुळात परदेशी अधिकाऱ्यांसाठी. नंतर इराण्यांनाही मिळू लागली. परदेशी माणसांच्या आणि मुलकी चिन्हांत सिंह सहसा बसलेला, लष्करी चिन्हांत उभा आणि पंजात तलवार. तुमचा बसलेला दिसतो.

सूर्याचा चेहरा नीट बघा. काजार काळात तो बाईचा चेहरा असतो. मोठे डोळे, जुळलेल्या भुवया, काजार चित्रांतल्या बायकांसारख्या. काजारांनंतर आलेल्या रझा शाहच्या काळात चेहरा गेला आणि नुसती किरणं राहिली. म्हणजे कोरा सूर्य असलेला तारा कुणी काजार घराण्यातल्या नासिरुद्दीन शाहचा म्हणून विकत असेल तर हसून पुढे चला.

साल असेल तर आकडे तपासा. फारसी लिहिताना चार, पाच आणि सहाची वळणं अरबी आकड्यांपेक्षा वेगळी असतात. कारागिराला फारसी येत नसेल तर नेमकी तिथे चूक होते. पण युरोपात बनलेल्या अस्सल चिन्हांवरही अक्षरं वेडीवाकडी सापडतात, कारण ठसा कोरणाऱ्या फ्रेंच माणसाला तरी फारसी कुठे येत होती! त्यामुळे अशुद्ध अक्षर म्हणजे नकली, असा निष्कर्ष काढू नका.

साल बदलण्याचा ढोबळ हिशेब: १९२५ पर्यंत हिजरी चांद्र वर्ष. आकड्याला ०.९७ ने गुणा, ६२२ मिळवा. १२९७ असेल तर साधारण १८८०. १९२५ मध्ये कायद्याने सौर हिजरी आलं, तिथे सरळ ६२१ मिळवायचे. १३५० लिहिलेली पदकं बाजारात ढिगाने आहेत. ती १९७१ ची, राजेशाहीच्या २५०० वर्षांच्या सोहळ्याची. तोच आकडा चांद्र समजून कुणी १९३१ सांगतो. आणि २५३५ वगैरे दिसलं तर गोंधळू नका, शेवटच्या शाहने १९७६ मध्ये दोनेक वर्षं चालवलेलं शाही कालगणनेचं साल आहे ते.

तांबडा_रस्सा

माझ्या ताऱ्यावर साल नाहीच. पण मागे पिनेजवळ बारीक काहीतरी आहे, डुकराच्या तोंडासारखं. शेजारी शंकरपाळ्याच्या आकारात दोन अक्षरं. पुसट आहेत. फोटो टाकतो.

बिल्लेवाला

अरे वा! हीच तर बातमी.

रानडुकराचं मुंडकं म्हणजे पॅरिसच्या तपासणी कचेरीचा लहान चांदीच्या वस्तूंवरचा शिक्का, १८३८ पासूनचा. शंकरपाळीतली अक्षरं घडवणाऱ्याची. फ्रान्समध्ये कारागिराचा शिक्का अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्याच आकाराच्या चौकटीत असावा लागतो. म्हणजे तुमचा तारा पॅरिसमध्ये घडला. 'इराणी नाही म्हणजे खोटा' असं मनात आणू नका. ही अगदी रीतसर पद्धत होती. शाहकडून यायचं ते फर्मान, म्हणजे कागद. चिन्ह पुष्कळ वेळा मानकऱ्याने आपल्या पैशाने आपल्या शहरातल्या सोनाराकडून करून घ्यायचं. नासिरुद्दीन शाह युरोपला तीनदा गेला, १८७३, १८७८ आणि १८८९ ला, आणि वाटेत ऑर्डरींची खैरात केली. राजदूत, महापौर, डॉक्टर, कोण नाही! त्या सगळ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे तारे घडवून घेतले. कुणाचा जाड, कुणाचा पातळ, कुणाच्या सिंहाचं तोंड मांजरीसारखं. मला तर मांजरतोंडेच जास्त आवडतात.

याच तर्काने व्हिएन्नाच्या आणि रशियन शिक्क्यांकडे बघा. रशियन असेल तर '८४' आणि १८९९ नंतर शेजारी पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या बाईचं मुंडकं. १९०८ पर्यंत ती डावीकडे बघते, पुढे उजवीकडे. पण नुसतं '८४' इराणी चांदीवरही सापडतं, त्यामुळे त्यावरून रशियन ठरवू नका.

शिक्काही खोटा मारता येतोच. म्हणून तो कुठे आहे ते बघा. अस्सल शिक्का मीना भाजण्याआधीचा किंवा पिनेवर, कडीवर, अशा ठिकाणी असतो जिथे ठोकल्याने काम बिघडणार नाही. ताऱ्याच्या पाठीवर मधोमध, ग्राहकाला दिसावा म्हणून मारलेला शिक्का मला आवडत नाही. तुमचा पिनेपाशी आहे, ठीक.

आता मीना. घरी काय करता येईल ते सांगतो. दहापट भिंग घ्या. भट्टीतला मीना म्हणजे काच. त्यात बारीक बुडबुडे, क्वचित केसासारख्या भेगा आणि कडेला किंचित खोलगटपणा दिसतो. आघात झाला असेल तर टवका काचेसारखा उडालेला असतो. रेझिन भरलेलं असेल तर पृष्ठभाग मऊ, कडेला फुगलेला, आणि आडबाजूला सुई टेकवली तर ती रुतते. अस्सल चिन्हांवरही जुन्या दुरुस्त्या रेझिनने केलेल्या असतात, म्हणून सगळा सिंह तपासा, एकच पंजा नव्हे. नोटा तपासायचा निळा दिवा लावलात तर दुरुस्ती वेगळ्या रंगात चमकते. तोच दिवा फितीवर मारा. दुसऱ्या महायुद्धानंतर कापडात पांढरेपणा आणणारी रसायनं सर्रास आली. ती फीत निळसर पांढरी पेटते. जुनं रेशीम तसं पेटत नाही. नवी फीत म्हणजे नकली पदक असं मात्र नाही. फिती कुजतात, बदलतात.

सुभेदार_निवृत्त

इराणचा विषय निघाला आणि पुणे आलं नाही असं कसं होईल? १८५६-५७ च्या इराण मोहिमेची फौज मुंबईहूनच गेली होती, सर जेम्स औट्रमच्या हाताखाली. ८ फेब्रुवारी १८५७ ला खुशाबच्या लढाईत पूना हॉर्स आणि तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी होती. पूना हॉर्सच्या निशाणावरचा चांदीचा हात खुशाबला इराण्यांकडून घेतलेल्या निशाणाचा. त्यावर अरबी मजकूर आहे.

संग्राहकांसाठी मुद्दा असा: आपल्याकडे 'पर्शियन मेडल' म्हणून जे विकतात ते पुष्कळदा इराणी नसतंच. १८५४ च्या इंडिया जनरल सर्व्हिस पदकावर 'पर्शिया' अशी पट्टी असते ती या मोहिमेची. पुढे पहिल्या महायुद्धानंतरच्या जनरल सर्व्हिस पदकावर 'एस. पर्शिया' आणि 'एन. डब्ल्यू. पर्शिया' अशा पट्ट्या. यांच्या कडेवर शिपायाचं नाव आणि पलटण असते, जपानी पदकासारखी ती अनामिक नसतात. फसवणूकही नावातच होते. साध्या शिपायाचं नाव घासून प्रसिद्ध लढाईतल्या पलटणीचं कोरतात. व्हर्निअर कॅलिपरने कडेची जाडी चार ठिकाणी मोजा. घासलेलं असेल तर फरक येतो. व्यासही बघा, ३६ मिलिमीटर हवा. पट्टीचे रिव्हेट नवे चकचकीत दिसले तर ती नंतर चढवलेली.

शंकासुर

चांदीचा हात आणणं आणि चोरबाजारातून तारा आणणं, दोन्हींत फारसा फरक नाही असं मला वाटतं, पण जाऊ दे.

सुभेदार_निवृत्त

फरक आहे. तारा पैसे देऊन आणलाय.

मोदक_मावशी

मी यातली नाही, पण आमच्याकडे सासऱ्यांची पदकं दर दसऱ्याला चिंच-मीठ लावून लख्ख करतात. तसं चालेल ना?

बिल्लेवाला

मावशी, कृपया नको! पदकावरचा काळसर थर हा त्याच्या वयाचा पुरावा असतो. खोदकामाच्या खाचांतला थर गेला की उठाव सपाट दिसतो आणि तज्ज्ञालाही ओतीव-ठशाचा फरक कळेनासा होतो. मुलामा असलेल्या नगाला चिंच लावली तर मुलामाच जातो. फीत धुवायची तर बातच नको. पाणी लागलं की रेशमावरची लाटांची नक्षी गेली.

कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपा, बास. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून सुटणारं रसायन चांदी-तांब्याला चिकट हिरवं करतं. रबर बँड आणि लोकरी कापडातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आम्लमुक्त कागद, आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल. कोकणात राहत असाल तर जेल दर महिन्याला सुकवा.

गवळण_न्यूजर्सी

जाता जाता: भारतातून मला कुणी असं पदक पाठवू म्हणालं तर चालेल का?

सुभेदार_निवृत्त

शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशात बनलेली आहे म्हणून सुटेल असं गृहीत धरू नका. वय कमी असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. कुरिअरवाल्याला "घरातलं शोभेचं सामान" सांगून पाठवणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

तांबडा_रस्सा

सगळ्यांचे आभार. दुकानदाराचा आज परत फोन आला होता. त्याला मेइजी २१ चा अर्थ सांगितला, तर तो लगेच ताऱ्याचं बोलायला लागला. शंकरपाळीतली अक्षरं भिंगाखाली 'एल' सारखी दिसतात, दुसरं कळत नाही. मधे काहीतरी चित्र आहे.

बिल्लेवाला

चित्र महत्त्वाचं आहे. दोन सोनारांची अक्षरं सारखी असू शकतात, म्हणून मधे प्रत्येकाची खूण असते. नुसत्या फोनच्या कॅमेऱ्याने नाही जमणार. पिनेला तेलपाणी न लावता, खिडकीपाशी एका बाजूने उजेड घेऊन, भिंगातून फोटो काढा. मग दिवा नव्वद अंशांत फिरवून दुसरा. शिक्का पुसट असला की एका कोनात अक्षर दिसतं आणि दुसऱ्या कोनात चित्र. सोबत तारा आडवा धरून कडेचाही एक फोटो टाका, म्हणजे मधली मीन्याची तबकडी मागून कशी बसवलीय ते कळेल. तोवर दुकानदाराला भाव सांगू नका.

कांजीवडा

आणि पेटीच्या आत, मखमलीखाली कागद चिकटवलेला आहे का बघा. असेल तर न उचकटता फोटो काढा, मी वाचून सांगते.